तापीकाठचे थाळनेर

सहल म्हटली की आपण दूरची गावे काढतो. पण शिरपूर तालुक्यातील थाळनेर एका दिवसात पाहून होते. खानदेशच्या फारुकी सुलतानांची ही आरंभीची राजधानी. त्यांच्या कबरी येथे आहेत, तापीकाठी किल्ल्याचे अवशेष आहेत.

तहान्वये होळकरांचा हा किल्ला इंग्रजांस मिळावयाचा होता. ता. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी आतून प्रतिकार झाला, मग किल्लेदार तुळशीराम बाहेर येऊन स्वाधीन झाला. तरी आतल्या दरवाजाशी चकमक उडाली. शिबंदी कापली गेली आणि सेनापती हिस्लॉपने किल्लेदारास त्याच दिवशी फाशी दिले. स्वाधीन झालेल्यास फाशी का, हा प्रश्न १८१९ साली इंग्लंडच्या पार्लमेंटातही निघाला.

थाळनेरला जाल तेव्हा कबरींबरोबर तुळशीरामाचीही हकिगत मुलांना सांगा.