ब्राउझरमधला संगणक : मुक्तस्रोत साधने

दूरच्या संगणकाचा पडदा आपल्या ब्राउझरमध्ये उघडून त्यावर काम करण्याची सोय. आपल्या यंत्रावर वेगळे काही बसवावे लागत नाही. जुना लॅपटॉपही चालतो, इंटरनेट मात्र धड हवे.

यातले ठळक नाव अपाची ग्वाकामोले. त्याचा सर्व्हरवरचा प्रोग्रॅम व्हीएनसी, आरडीपी किंवा एसएसएच या जोडणीच्या पद्धती वापरून दूरच्या यंत्राशी जोडला जातो; ब्राउझरकडे चित्र पाठवतो, की-बोर्ड-माउसच्या हालचाली परत नेतो. 2017 मध्ये ग्वाकामोले अपाची फाउंडेशनचा पूर्ण दर्जाचा प्रकल्प झाला.

ब्राउझरमधून एकाच फाइलवर अनेकांनी एकदम लिहिण्याचा गुंता वेगळा. दोघांनी एकाच ओळीला हात लावला तर कोणाचा बदल धरायचा? ईथरपॅड हे असे एकत्र लिहिण्याचे साधन दोन्ही बदल ठेवते आणि त्यांच्या जागा नव्याने मोजते. 2009 मध्ये गूगलने ते बनवणारी कंपनी घेतली, सेवा बंद होणार म्हणून वापरणाऱ्यांनी ओरड केली आणि कोड खुला झाला. ओरड कधीकधी कामी येते.

दूरचे यंत्र ब्राउझरमधून वापरण्याचा महाराष्ट्रातला नमुना पवईच्या आयआयटीतल्या फॉसी या मुक्तस्रोत प्रकल्पाचा. सायलॅब हे आकडेमोडीचे सॉफ्टवेअर. ‘सायलॅब ऑन क्लाउड’वर पाठ्यपुस्तक, प्रकरण आणि सोडवलेले उदाहरण निवडले की कोड समोर येतो, आकडे बदलून तिथेच चालवता येतो. सोलापूरजवळच्या कुंभारीतल्या विद्यार्थ्याला त्यासाठी सायलॅब उतरवून घ्यायची गरज नाही. त्याच संस्थेतला ‘एसबीएचएस’ (सिंगल बोर्ड हीटर सिस्टीम) आणखी गमतीचा : हीटर, पंखा आणि तापमापक बसवलेली छोटी पेटी पवईत, ती तापवणारा विद्यार्थी दुसऱ्याच गावी. पंखा खराखुरा फिरतो, तापमान चढायला खरोखर वेळ लागतो, त्यामुळे पेटीवरची वेळ आधी राखून ठेवायची.