अमेरॉकाना कोंबडी : एका जातिनामाचा इतिहास

इ. स. १९२१ मध्ये हेग येथे पहिली जागतिक कुक्कुट परिषद भरली. तीत स्पेनमधील प्राध्यापक साल्वादोर कास्तेयो यांनी, १९१४ साली चिली देशात आपण पाहिलेल्या एका कोंबडीचे वर्णन सादर केले. तिला शेपूट नव्हते, कानांजवळ पिसांचे झुपके होते आणि ती निळी अंडी घालीत असे. हे तिन्ही विशेष एकत्र आढळल्यामुळे कास्तेयो यांनी ती सर्वसामान्य पाळीव कोंबडीहून निराळी प्रजाती मानली व तिला ‘गॅलस इनॉरिस’ हे नाव दिले. लॅटिन भाषेत ‘इनॉरिस’ म्हणजे कर्णभूषण. नाव सुंदर होते; अनुमान मात्र चुकीचे होते. पुढे तीनच वर्षांनी, १९२४ च्या बार्सिलोना परिषदेत, कास्तेयो यांनी आपल्या मताची स्वतःच दुरुस्ती केली. इतक्या तत्परतेने चूक मान्य करणारे संशोधक विरळाच म्हणावयाचे. परंतु त्या वर्णनाने जगभरच्या पक्षिपालकांच्या मनात जी प्रतिमा उभी केली, ती काही त्या दुरुस्तीने पुसली गेली नाही.

चुकीचे मूळ कोठे होते, हे पाहण्यासारखे आहे. चिलीच्या दक्षिण भागातील मापुचे लोकांजवळ दोन वेगवेगळ्या प्रकारच्या कोंबड्या होत्या. एक भुंडी व निळी अंडी घालणारी. दुसरी शेपटीची, पण कानांजवळ झुपके असलेली. रुबेन बुस्तोस या चिली पक्षिपालकाने या दोहोंचा संकर करून दोहोंचे गुण एका पक्ष्यात आणले. म्हणजे ज्याला कास्तेयो निसर्गाची प्राचीन निर्मिती समजले, ती वस्तुतः एका माणसाच्या निवडीची निर्मिती होती. ‘अरॉकाना’ हे तिचे नाव अरॉकानिया या प्रदेशावरून आले आणि त्या नावाने तिला एका जमातीचे पुरातनत्व आपोआप चिकटले.

निळ्या अंड्याचे रहस्य उलगडण्याचा आरंभ केंब्रिजचे आनुवंशशास्त्रज्ञ पनेट यांनी केला. १९३३ साली त्यांनी दाखवून दिले की, कवचाचा निळा रंग एकाच प्रभावी जनुकाने येतो. तपकिरी अंड्याच्या जातीशी संकर केला असता हिरवट अंडी मिळतात, त्याचे कारणही सरळ आहे : निळे रंगद्रव्य कवचात आरपार असते, तर तपकिरी मुख्यतः वरच्या थरांत. एकच प्रभावी जनुक पुरेसे असल्यामुळे निळे अंडे कोणत्याही मिश्र कळपात सहज टिकून राहिले. अमेरिकेत नेमके हेच घडले. तेथे आलेल्या दक्षिण अमेरिकी पक्ष्यांचा इतर जातींशी मनसोक्त संकर झाला. कोणाला शेपूट, कोणाला दाढी, कोणाला झुपके. अंडे निळे असले की सर्वांना अरॉकाना म्हणण्याची रूढी पडली.

‘अमेरिकन पोल्ट्री असोसिएशन’ने १९७६ साली या गोंधळाचा निकाल लावला. अरॉकानाचे अधिकृत लक्षण म्हणून भुंडेपणा व कर्णझुपके यांना मान्यता मिळाली. म्हणजे जवळजवळ कास्तेयो यांचेच वर्णन प्रमाण ठरले. या निर्णयाची किंमत लहान नव्हती. कर्णझुपक्यांचे जनुक आईबाप दोघांकडून आले तर पिल्लू अंड्यातच मरते. ही गोष्ट सोम्स व पाबिलोनिया यांनी १९८१ साली प्रसिद्ध केली. झुपकेवाल्या जोडीच्या गर्भांपैकी सरासरी एक चतुर्थांश अशा रीतीने नष्ट होतात, आणि जी पिल्ले जगतात त्यांतही तिसरा हिस्सा बिनझुपक्यांचा निघतो. ज्या लक्षणावर जातीची ओळख उभी आहे, ते कधीही शुद्ध वंशरूपाने स्थिर करता येत नाही! प्रमाण ठरविणाऱ्यांनी अंडे उबविणाऱ्यांचा विचार पुरेसा केला नाही, असे म्हणणे भाग आहे.

ज्यांच्या कळपात शेपटीचे, दाढीचे व गालांवर कल्ले असलेले निरोगी पक्षी होते, त्यांची ‘अरॉकाना’ या नावातून एकाएकी हकालपट्टी झाली. त्यांनी ‘अमेरिका’ व ‘अरॉकाना’ यांच्या जोडणीतून ‘अमेरॉकाना’ हे नाव घडविले आणि १९८४ साली त्या जातीला त्याच संस्थेची मान्यता मिळविली. अमेरॉकानात प्राणघातक जनुकाला स्थान नाही. दाढी व कल्ले यांनी पिल्लांच्या जगण्यात काही अडथळा येत नाही.

पिल्लांच्या संगोपनात विशेष असे थोडेच आहे. पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब, पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी कमी, आणि पिसे भरली की ऊब बंद. खरी अडचण निवडीची. तलंग पहिले अंडे घालीपर्यंत पाच ते सात महिने वाट पाहावी लागते, आणि कोंबडा तर कधीच अंडे घालीत नाही. त्याच्या ठायी निळ्या रंगाचे जनुक आहे की नाही, हे कसे ओळखावे? ब्रुकनर व हट यांनी १९३९ साली याचे उत्तर दिले होते. निळ्या अंड्याचे जनुक आणि तीन बुटक्या रांगांच्या तुऱ्याचे जनुक एकाच गुणसूत्रावर अगदी शेजारी असून बहुधा जोडीनेच पुढील पिढीत जातात. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाच्या चोचीच्या मुळाशी त्या तीन रेषा दिसतात. उभा, एकेरी तुरा दिसला की अनुभवी पैदासकार ते पिल्लू वंशवृद्धीतून बाजूला काढतो.

ही खूण चीनमध्ये उपयोगी पडत नाही. तेथील डोंगशियांग कोंबडीही निळी अंडी घालते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले की, दोन्हीकडे निळा रंग एका जुन्या विषाणूच्या जनुकखंडामुळे आला आहे, पण तो खंड चिनी व चिली कोंबड्यांत वेगवेगळ्या जागी शिरला आहे. म्हणजे ही घटना दोनदा, स्वतंत्रपणे घडली. चिलीतील एल अरेनाल येथील हाडांवरून कोलंबसपूर्व काळी पॉलिनेशियातून कोंबड्या तेथे पोचल्या, असे मत २००७ साली मांडले गेले व त्यावर लगेचच आक्षेपही आले. त्या वादात निळ्या अंड्याची साक्ष आशियाच्या बाजूने काढण्याचा मोह आता आवरावा लागतो.

इकडे अमेरिकेतील उबवणी केंद्रे मिश्र वंशाच्या पिल्लांनाही ‘अमेरॉकाना’ म्हणून विकू लागली. दाढी असते, अंडे निळे वा हिरवे असते; पण पायांचा निळसर करडा रंग व पिसांचे ठरीव वर्ण पुढच्या पिढीत टिकत नाहीत. अशा पक्ष्यांना जाणकार ‘ईस्टर एगर’ म्हणतात. १९७६ पूर्वी अरॉकाना या नावाची जी अवस्था होती, तीच आता नव्या नावाच्या वाट्याला आली आहे.