तीन एक्के, दोन बादशहा आणि एक डुलकी

हेडफोन लावून आडवे झाला असाल तर जरा उठून बसा, आजची गोष्ट झोपेचीच आहे.

बोस्टन, १९५०चं दशक. ५१ वर्षांचा एक बडा अधिकारी, वजन १२० किलोच्या वर. आठवड्यातून एकदा पोकर खेळायचा. एका रात्री हातात आले तीन एक्के आणि दोन बादशहा! असे पत्ते कितीदा येतात हो? पण पठ्ठ्याला बसल्या बसल्या झोप लागली, आणि डाव गेला. थकवा, सततची पेंग, सगळं अंगावर काढणारा हा गडी त्यानंतर मात्र हॉस्पिटलात गेला.

डॉक्टर चक्रावले. रक्तात ऑक्सिजन कमी, कार्बन डायऑक्साइड जास्त, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण. असं चित्र वर्षानुवर्षं फुप्फुसं खराब असलेल्या पेशंटचं असतं. इथे फुप्फुसांचा तसा आजारच नव्हता! छाती-पोटावर चरबीचं ओझं, त्यामुळे श्वास उथळ. कमी कॅलरीच्या आहारावर ठेवलं, वजन साधारण १८ किलो उतरलं, आणि पेंगही गेली.

पण मेंदू आरडाओरडा का करत नाही? आमच्या भाषेत सांगतो. सर्व्हरचा अलर्ट रोज वाजायला लागला की कुणीतरी त्याची मर्यादाच वाढवून ठेवतो. मग अलर्ट गप्प, बिघाड चालूच. वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडची मेंदूला अशीच सवय होते.

१९५६ साली सिडनी बरवेल आणि सहकाऱ्यांनी ही केस छापली. नाव दिलं 'पिकविकियन सिंड्रोम'. डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'मध्ये जो नावाचा लठ्ठ पोरगा आहे, उभ्या उभ्या झोपणारा, त्याच्यावरून. मला हे नाव पटत नाही. माणूस गुदमरतोय आणि आपण त्याला विनोदी पात्राचं लेबल लावतो. ऑफिसच्या मीटिंगमध्ये पेंगणाऱ्या जाड्या सहकाऱ्याचे फोटो ग्रुपवर टाकतात, त्यातलाच प्रकार. आताचं नाव 'ओबेसिटी हायपोव्हेंटिलेशन सिंड्रोम'. रुक्ष आहे, पण खरं आहे.

अर्धी गोष्ट अजून बाकी होती. १९६५मध्ये फ्रान्स आणि जर्मनीतल्या संशोधकांनी अशा पेशंटची झोप यंत्रावर नोंदवली, तेव्हा दिसलं की यांचा श्वास रात्रीत पुन्हा पुन्हा थांबतोय. हाच स्लीप ॲप्निया. झोपेत घसाच मिटतो. दोन्ही आजार बऱ्याचदा एकाच माणसात सापडतात.

उपाय सापडला सिडनीत (हे शहर बरं का, बरवेलसाहेब नव्हेत). १९८१ साली कॉलिन सुलिव्हन यांनी पाच पेशंटच्या नाकाला मास्क लावून हवेचा दाब दिला, आणि घसा उघडा राहिला. तो वारा ढकलायला त्यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरली होती. आवाज भयंकर, पण पेशंट गाढ झोपले.