नव्या लाटेचा उगम

सुवर्णमहोत्सव म्हणजे मागे वळून पाहण्याचा प्रसंग. परमुलखात एखादे मंडळ पन्नास वर्षे टिकते, ते केवळ कार्यकारिणीच्या कर्तबगारीवर नव्हे. प्रत्येक कार्यक्रमास आवर्जून येणाऱ्या रसिकांच्या बळावर. कलेच्या इतिहासात मात्र या रसिकाची नोंद क्वचितच होते. म्हणूनच या स्मरणिकेच्या निमित्ताने जिचा जन्मच मुळी प्रेक्षकांच्या खुर्च्यांत झाला, अशा एका चळवळीची हकीकत आम्ही येथे सांगू इच्छितो. ती चळवळ म्हणजे फ्रेंच चित्रपटातील 'नवी लाट'.

या लाटेचा आरंभ सामान्यतः १९५९ सालापासून मानला जातो. त्या वर्षी कानच्या महोत्सवात फ्रान्स्वा त्रुफो या सत्तावीस वर्षांच्या तरुणास 'चारशे फटके' या पहिल्याच दीर्घ चित्रपटाबद्दल सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले. पण लाट आपल्याला दिसते ती किनाऱ्यावर फुटताना. ती उठलेली असते दूर, खोल पाण्यात.

तो उगम शोधू गेल्यास आपण १९३६ सालापर्यंत मागे जातो. त्या वर्षी आन्री लांग्ल्वा यांनी काही स्नेह्यांच्या साह्याने पॅरिसमध्ये 'सिनेमातेक फ्रांसेज' ही संस्था स्थापिली. बोलपट आल्यावर मूकपटांची रिळे रद्दी म्हणून नष्ट केली जात असता हा माणूस ती वेड्यासारखी जमवीत होता. जर्मन अंमलाच्या काळात त्यांनी ती लपवून वाचविली, आणि युद्धानंतर एका लहानशा सभागृहात ती रोज दाखवू लागले. १९४६ साली अमेरिकेशी झालेल्या करारामुळे युद्धकाळात अडून राहिलेले अमेरिकन चित्रपटही फ्रान्समध्ये मोठ्या संख्येने आले. पुढच्या रांगेत बसून हे सारे अधाशीपणे पाहणाऱ्या मुलांत त्रुफो, जाँ-ल्युक गोदार, जाक रिव्हेत, क्लोद शाब्रोल ही मंडळी होती. एकाच दिग्दर्शकाचे अनेक चित्रपट लागोपाठ पाहता पाहता, हस्ताक्षरावरून लेखक ओळखावा तसा चित्रणावरून दिग्दर्शक ओळखता येतो, हे त्यांच्या ध्यानी आले.

या जाणिवेस शब्दरूप देणारेही भेटले. १९४८ साली आलेक्सांद्र आस्त्र्युक यांनी एका लेखात कॅमेऱ्यास लेखणीची उपमा दिली. १९५१ मध्ये आंद्रे बाझँ व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'काये द्यु सिनेमा' हे मासिक सुरू केले आणि ही तरुण मंडळी त्यात लिहू लागली. बाझँ यांनी तर वाट चुकलेल्या त्रुफोला पुत्रवत् सांभाळले. १९५४ च्या जानेवारीत त्रुफोने तत्कालीन प्रतिष्ठित फ्रेंच चित्रपटांवर झोड उठविली. नामवंत कादंबऱ्यांची चकचकीत रूपांतरे म्हणजे चित्रपट नव्हे, हा त्याचा मुद्दा आजही विचारार्ह वाटतो. ज्येष्ठांवर त्याने काही अन्याय केला, हेही कबूल केलेच पाहिजे.

परंतु लेख लिहिणे वेगळे आणि चित्रपट काढणे वेगळे. तेथील चित्रपटधंद्यात वर्षानुवर्षे सहायकी केल्यावाचून दिग्दर्शकाच्या खुर्चीपर्यंत पोहोचणे कठीण असे. ही भिंत प्रथम ओलांडली जाँ-पिएर मेलव्हिल यांनी. व्हेर्कोर यांच्या 'समुद्राचे मौन' या कथेचे हक्क हाती नसताना, संघटनांचे नियम बाजूस सारून, त्यांनी १९४७ साली लेखकाच्याच घरात चित्रीकरण आरंभिले. प्रतिकार-लढ्यातील व्यक्तींना चित्रपट पसंत न पडल्यास तो नष्ट करण्याचे वचनही देऊन ठेवले! पुढे १९५४ मध्ये आन्येस वार्दा या छायाचित्रकार स्त्रीने सेत गावच्या कोळीवाड्यात आपला पहिला चित्रपट सहकारी तत्त्वावर काढला. त्यांनी तोपर्यंत फारसे चित्रपट पाहिलेही नव्हते; संकलक अलँ रेने यांच्याकडून त्यांना सिनेमातेकची माहिती मिळाली. या अग्रणी स्त्रीस लाटेच्या इतिहासात पुष्कळ काळ दुय्यम स्थान मिळाले, ही खेदाची गोष्ट होय.

मग इतरांनीही धीर केला. शाब्रोल यांनी पत्नीला मिळालेल्या वारशाच्या पैशावर १९५७-५८ च्या हिवाळ्यात सार्दाँ या खेड्यात आपला पहिला चित्रपट घेतला. त्रुफोच्या पाठीशी त्याचे चित्रपट-वितरक सासरे उभे राहिले. त्याचे चित्रीकरण सुरू झाले आणि दुसऱ्याच दिवशी, ११ नोव्हेंबर १९५८ रोजी, बाझँ निवर्तले; चित्रपट त्यांनाच अर्पण केलेला आहे. मेलव्हिल, शाब्रोल आणि त्रुफो या तिघांच्याही या पहिल्या चित्रपटांचे छायाचित्रण आन्री दकाए या एकाच कलावंताचे होते, ही बाब पुरेशी बोलकी आहे. गोदारच्या 'ब्रेथलेस'साठी १९५९ च्या उन्हाळ्यात राऊल कुतार यांनी रुळांऐवजी अपंगांच्या चाकाच्या खुर्चीवर बसून पॅरिसच्या रस्त्यांत छायाचित्रण केले. गरिबीतूनच एक शैली जन्मली.

तथापि स्वतंत्र चित्रपट म्हणजे केवळ एकट्याचे धाडस, असे आम्हांस वाटत नाही. १९५९ पासून फ्रेंच शासनाने नियोजित चित्रपटांस भावी उत्पन्नावर आगाऊ रक्कम देण्याची व्यवस्था केली. १९६२ च्या अखेरीस 'काये'ने १६२ नव्या दिग्दर्शकांची सूची छापली. त्यांपैकी कित्येकांची नावे आज कोणास आठवत नाहीत; पण संधी मिळाली ती सर्वांना. आणि १९६८ च्या फेब्रुवारीत शासनाने लांग्ल्वा यांना पदावरून दूर केले, तेव्हा हेच दिग्दर्शक रस्त्यावर उतरले. एप्रिलमध्ये लांग्ल्वा पुन्हा रुजू झाले. प्रेक्षकांनी आपल्या गुरूचे ऋण असे फेडले.

आपल्याकडेही याच सुमारास एक समांतर प्रवाह वाहत होता. १९४७ साली सत्यजित राय व चिदानंद दासगुप्ता प्रभृतींनी कलकत्त्यात फिल्म सोसायटी स्थापिली. 'द रिव्हर'साठी आलेल्या जाँ रन्वार यांचा सहवास राय यांना लाभला, आणि पैशाच्या ओढाताणीतून १९५५ साली 'पथेर पांचाली' पडद्यावर आला. तेथेही आधी प्रेक्षक घडला, मग चित्रपट. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तोवर पुष्कळ काही हातचे गेले होते. दादासाहेब फाळके यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र'देखील आज संपूर्ण उपलब्ध नाही.

वार्दा २०१९ मध्ये आणि गोदार २०२२ मध्ये निवर्तले. ती लाट आता इतिहासजमा झाली. मात्र तिची शिकवण जुनी झालेली नाही. जे जपले जाते तेच पुढच्या पिढीस पाहावयास मिळते, आणि जे डोळसपणे पाहिले जाते त्यातूनच नवे निपजते. आपल्या मंडळाच्या सभागृहात मागच्या रांगेत निमूटपणे बसलेल्या एखाद्या मुलाच्या किंवा मुलीच्या मनात आज काय रुजत असेल, कोणी सांगावे? त्यांच्यासाठी पडदा उघडा ठेवणे, एवढे तरी आपल्या हाती खचितच आहे.