'नॉर्मल' कोणाचं?

रक्ताच्या रिपोर्टवर आकड्याशेजारी 'नॉर्मल रेंज' छापलेली असते. ती कोणाच्या रक्तावरून ठरली, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. क्लोझापीनचा इतिहास वाचताना तो पडला.

क्लोझापीन हे स्किझोफ्रेनियावरचं औषध. 1975 मध्ये फिनलंडमध्ये ते घेणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा झाल्या. जंतूंशी लढणाऱ्या याच पेशी. काही जण दगावले, आणि अनेक देशांत औषध बाजूला पडलं. फिनिश लोकांच्या आनुवंशिकतेतच काही वेगळं आहे का, अशी शंकाही तेव्हा घेतली गेली.

1988 मध्ये जॉन केन आणि सहकाऱ्यांनी, इतर औषधांनी गुण न आलेल्या 268 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा आठवड्यांत क्लोझापीनने 30 टक्के रुग्ण सुधारले, जुन्या क्लोरप्रोमाझीनने फक्त 4 टक्के. पुढच्याच वर्षी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, पण अट होती: नियमित रक्ततपासणी. पेशी ठरावीक आकड्याखाली गेल्या की गोळी बंद.

इथेच गोम होती. आफ्रिकी वंशाच्या अनेकांमध्ये 'डफी-नल' हा जनुकीय बदल असतो. तो व्हायवॅक्स मलेरियापासून संरक्षण देतो आणि रक्ततपासणीत न्यूट्रोफिल कमी दाखवतो. माणूस मात्र ठणठणीत असतो, संसर्गाचा धोकाही वाढत नाही. तरी त्या आकड्यामुळे कित्येक कृष्णवर्णीय रुग्णांना हे औषध मिळालंच नाही, किंवा मध्येच थांबवलं गेलं. ज्यांच्यावर दुसरं काही चालत नव्हतं, त्यांच्यासाठी हा दरवाजाच बंद होणं होतं.

2015 मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने नियम बदलला. औषध सुरू करण्यासाठी इतरांना मायक्रोलिटरमागे किमान 1500 न्यूट्रोफिल लागतात. ज्यांच्यात ते जन्मतःच कमी असतात, त्यांच्यासाठी 1000 पुरेसे ठरले.

मला यात खलनायक सापडत नाही. तो आकडा जीव वाचवण्यासाठीच आखला होता, आणि त्याने जीव वाचवलेही. फक्त तो आखताना काही माणसं हिशेबात धरलीच नव्हती. आता रिपोर्ट हातात आला की मी आधी माझा आकडा बघतो, आणि मग शेजारची ती रेंजही.