पायाची माती

माझ्या आईचे वडील, आबा, निपाणीत एका कापडदुकानात दिवाणजी होते. गिऱ्हाईक पायरी चढून गादीवर टेकायच्या आत एक गोष्ट ठरवावी लागायची : 'या वैनी' म्हणायचं की 'बर्री अक्का'. हाक चुकली तर गिऱ्हाईक अवघडतं, आणि अवघडलेलं गिऱ्हाईक पातळ न उलगडताच उठतं.

"तोंड बघून काय कळतंय?" आबा म्हणायचे. "पाय बघावंत."

तांबडी माती असली की बाई आजऱ्याकडची, चंदगडकडची, म्हणजे मराठी. काळी माती असली की हुक्केरी, गोकाकच्या अंगाची, म्हणजे कानडी. मग नजर वर. लुगड्याला काष्टा आहे की गोल नेसण? कपाळाला विभूती? गळ्यात लिंगाची चांदीची करडगी? पुरुष असला तर तुळशीची माळ? लुगडं आणि खण मात्र काहीच सांगायचे नाहीत. इरकल दोन्हीकडच्या बाया नेसत, खण दोघींचाही गुळेदगुड्डचाच. पायरीखालच्या चपलांचंही तेच. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही चार जिल्हे महाराष्ट्राचे आणि चार कर्नाटकाचे मिळून. आबा असते तर म्हणाले असते, हे सांगायला सरकार कशाला लागतंय.

एवढी पक्की नजर, तरी एकदा आबा सपशेल फसले. पन्नास सालच्या आसपासची गोष्ट. एक बाई आली, कडेवर पेंगलेली पोर, पायाला काळी माती, नेसण गोल. आबांनी कानडीत स्वागत केलं. तिनंही कानडीत भाव विचारला, "एष्ट्री?" गोमी काठाच्या इरकलीवर अर्धा तास घासाघीस झाली. पोर जागी होऊन रडायला लागली, "आये, भूक लागली." बाई तिला दटावत म्हणाली, "गप की गं, ह्यो कानडी मुडदा दर सोडंना झालाय!"

आबांनी गज खाली ठेवला. "मुडदा मराठीच हाय, वैनी. आता सोडतो."

बाईचं माहेर गडहिंग्लजचं, दिली होती संकेश्वराकडं. पाय सासरचे, बोली माहेरची. समोरचा कानडी बोलतोय म्हणजे कानडीच असणार, म्हणून तीही बिचारी कानडीतच भांडत राहिली. किती आणे सोडले ते आबा दर वेळी वेगळं सांगायचे, तेवढं मी धरत नाही.

माणसाची जात-जमात तोंडावरून ओळखायचा उद्योग शास्त्र म्हणूनही झाला. 1901 च्या जनगणनेचा आयुक्त हर्बर्ट रिस्ली नाकांची लांबी-रुंदी मोजून हिंदुस्थानातल्या लोकांचे वंश लावत होता. त्यानं मराठी ब्राह्मण, कुणबी आणि कोडव यांना 'सिथो-द्रविडी' अशा एकाच खणात बसवलं. म्हणजे इतकी नाकं मोजून शेवटी मराठी माणूस आणि कर्नाटकातला कोडव एका पंगतीला! पुढं इरावती कर्वे बर्लिनला युजेन फिशर यांच्याकडं कवट्या मोजायला गेल्या आणि कवटीच्या डाव्या-उजव्या असमानतेचा वंशाशी संबंध लागत नाही, असं गुरूच्या मताविरुद्ध लिहून आल्या. आबांनी यातलं काही वाचलं नव्हतं. त्यांचा अंदाज तरी कशासाठी? नमस्कार कुठल्या भाषेत करायचा, एवढ्यासाठी.

आबांची आई त्यांच्याही वरताण. 1951 च्या जनगणनेचा मास्तर दारात आला आणि विचारलं, "आजी, घरात कुठली भाषा बोलता?"

"कुणासंगट?"

मास्तर गडबडला. पणजीनं हिशेब मांडला : लेकाशी मराठी, थोरल्या सुनेशी कानडी, देवाशी जी येईल ती. आणि बैल चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेतनं आणलेला, त्याला हाकायला कानडीच लागतंय. मास्तरानं काय लिहिलं ते कुणी बघितलं नाही. मातृभाषेचा रकाना एकच होता.

त्या रकान्याला पुढं केवढं वजन येणार हे पणजीला कुठलं माहीत! 1 नोव्हेंबर 1956 ला भाषेनुसार राज्यं आखताना मुंबई राज्यातला आमचा भाग म्हैसूर राज्यात गेला, चंदगड मुंबई राज्यातच राहिलं. 1967 मध्ये सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगानं 264 गावं महाराष्ट्राला आणि 247 म्हैसूरला, म्हणजे आजच्या कर्नाटकाला, द्यावीत असं सुचवलं. त्यात निपाणी महाराष्ट्राकडं, बेळगाव कर्नाटकाकडं. महाराष्ट्रानं अहवाल नाकारला, 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. तारखा पडतात.

मग ओळखण्याचा सूरच बदलला. 1986 च्या सीमा आंदोलनात बेळगावात बाहेरच्या पुढाऱ्यांना बंदी होती, तर छगन भुजबळ दाढी लावून, व्यापाऱ्याचं सोंग घेऊन शिरले. आमच्या घरी ही गोष्ट मोठ्या चवीनं सांगितली जायची. आबांना मात्र एकच शंका : "चप्पल कुठली घातली होती?" डिसेंबर 2022 मध्ये तर माणसाकडं बघायचीही गरज उरली नाही. हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या नंबरप्लेटच्या ट्रकांवर दगड पडले, पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळं फासलं गेलं.

सौंदत्तीला मात्र अजून पंचाईत होते. लहानपणी मार्गशीर्षातल्या पुनवेला यल्लम्माच्या डोंगरावर आबांनी मला खांद्यावर घेतलं होतं. खाली नुसती पिवळी माणसं. कपाळं पिवळी, टोप्या पिवळ्या, बायांचे पदर पिवळे. 'उधो उधो' दोन्हीकडचं सारखंच. "आता सांगा, कोण कुठलं?" मी विचारलं. आबा खाली वाकून बघू लागले. पायसुद्धा भंडाऱ्यानं भरलेले.

कोल्हापुरात कॉलेजला होते तेव्हा माझ्या बोलण्याचा हेल ऐकून मैत्रिणी मला 'कानडी' म्हणायच्या. बेंगळुरूला नोकरीला गेले तर पहिल्याच आठवड्यात शेजारीण म्हणाली, तुमचं कन्नड मराठी आहे.

गेल्या दिवाळीत आईसाठी इरकल घ्यायला बेळगावच्या खडेबाजारात गेले. काउंटरवरच्या पोरानं मला नखशिखांत न्याहाळलं, अंदाज लागेना तसं सरळ हिंदीत विचारलं, "क्या दिखाऊं मॅडम?" मी मराठीत सांगितलं. त्यानं आत हाक मारली, "अप्पा, इरकली काढा की ओ!" 'अप्पा' म्हणजे कुठला? मी मनातल्या मनात ताडत बसले.

आतून म्हातारे अप्पा आले. गठ्ठा खाली ठेवता ठेवता त्यांनी आधी माझ्या सँडलकडं बघितलं. सँडलना माती नव्हती.