ऑक्सिजन लाल का असतो?

मंडळी, एक सोपा प्रश्न. रेणूंची चित्रं आठवा. शाळेतला तक्ता असो, प्लॅस्टिकचं मॉडेल असो की संगणकावरचं थ्रीडी चित्र, रंग बहुतेक ठरलेले : कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा, क्लोरीन हिरवा. कोळसा काळा आणि क्लोरीन वायू हिरवट, इथवर ठीक. पण ऑक्सिजन लाल का?

हे रंग आधी लागले ते खेळातल्या चेंडूंना. १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये क्रोकेचं वेड होतं. लाकडी हातोडीने चेंडू कमानीतून ढकलायचा, असा तो खेळ. ७ एप्रिल १८६५ रोजी ऑगस्ट हॉफमन हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये व्याख्यान द्यायला उभा राहिला. 'अणूंची जोडणी होते कशी' हे लोकांना दाखवायचं होतं. त्याने क्रोकेचे चेंडू रंगवून त्यांना काड्यांचे हात लावले. कार्बनला चार, नायट्रोजनला तीन, ऑक्सिजनला दोन, हायड्रोजन आणि क्लोरीनला एकेक. आपण जी संयुजा कोष्टक करून पाठ केली, ती लोकांनी डोळ्यांनी पाहिली.

आता गंमत अशी की या खेळण्यात एक बग होता. कार्बनचे चारही हात त्याने एकाच पातळीत, अधिकच्या चिन्हासारखे लावले होते. फिक्स आला १८७४ मध्ये. व्हांट हॉफ नावाच्या बावीस वर्षांच्या डच पोराने (आणि पॅरिसमध्ये ल बेलने, स्वतंत्रपणे) सांगितलं की हे हात चतुष्फलकाच्या चार टोकांकडे जातात. चारही हातांना वेगवेगळे गट लागले, तर एकाच रेणूचे दोन अवतार होतात, चपलेच्या डाव्या-उजव्या पायासारखे. लोकांना हे पटावं म्हणून त्याने काय केलं? पुठ्ठ्याचे चतुष्फलक चिकटवले आणि ओळखीच्या शास्त्रज्ञांना पाठवून दिले!

हेर्मान कोल्बे या बड्या प्रोफेसराने १८७७ मध्ये त्याची छापील टिंगल केली. पशुवैद्यकीय शाळेत नोकरी करणारा हा माणूस कल्पनेच्या घोड्यावर बसून निघालाय, असा एकंदर सूर. पुढे १९०१ मध्ये रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल मिळालं ते व्हांट हॉफला. असो.

हे सगळं उगाळायचं कारण एवढंच की 'खेळातून रसायनशास्त्र' म्हटलं की आपल्याकडे ते कडू गोळीवरचं साखरेचं आवरण समजतात. लहान पोरांसाठी ठीक, दहावीनंतर बंद. हॉफमन आणि व्हांट हॉफ मात्र मोठ्या माणसांशी बोलत होते, आणि ते खेळणं हाच त्यांचा युक्तिवाद होता.

आपल्याकडे हा धागा उचलला अरविंद गुप्तांनी. आयआयटी कानपूरचे इंजिनियर, पुण्यात टेल्कोत नोकरीला. १९७८ मध्ये रजा काढून ते मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तो कार्यक्रम १९७२ मध्ये सोळा शाळांत सुरू झाला होता. तिथे त्यांनी सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि आगपेटीच्या काड्या जोडून आकार बनवले. ट्यूबच्या तुकड्यात काड्या खोचल्या की सांधा तयार. सहा काड्या, चार सांधे, झाला चतुष्फलक. व्हांट हॉफचा पुठ्ठा, आता खेड्यातल्या आठवडी बाजाराच्या भावात! पुढे २००३ ते २०१४ त्यांनी पुण्याच्या आयुकात मुलांसाठी विज्ञान केंद्र चालवलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आता माझ्या गावाकडे येतो. मी नांदेडचा, पण अकरावी-बारावी लातुरात केली. का, ते वेगळं सांगायला नको :-)

लातूर पॅटर्नला नावं ठेवणं पुण्यात बसून फार सोपं आहे. पण थोडा इतिहास बघा. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ १९१८ चं, तिथे सायन्ससुद्धा उर्दूत. नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं १९५० मध्ये. लातूरचं राजर्षी शाहू कॉलेज १९७० चं, आणि लातूर जिल्हा तर १९८२ मध्ये झाला. म्हणजे मुंबई-पुण्याची पोरं शंभर वर्षं पुढून पळत होती. अशा वेळी जादा तास, सराव परीक्षा, पुन्हा सराव परीक्षा, या रस्त्याने लातूरच्या पोरांनी मेडिकलचे दरवाजे ठोठावले. शाहू कॉलेजचे संस्थापक प्राचार्य जनार्दन वाघमारे पुढे १९९४ मध्ये नांदेडला स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. शेतकऱ्याचं पोर डॉक्टर झालं ते रट्ट्याने की समजून, हा प्रश्न त्याच्या घरी कुणी विचारत नाही. विचारायचं कारणही नाही.

पण एक गोष्ट खटकते. माझा भाचा सध्या लातुरात नीटची तयारी करतोय. १८० मिनिटांत १८० प्रश्न, त्यातले ४५ रसायनशास्त्राचे. एनसीईआरटीचं पुस्तक ओळ न् ओळ पाठ. त्याच अकरावीच्या पुस्तकात, समतोलाच्या धड्यात, एक खेळ छापलाय. दोन मोजपात्रं, दोन काचेच्या नळ्या, रंगीत पाणी. या पात्रातलं नळीने त्यात, त्यातलं यात. थोड्या वेळाने दोन्हीकडची पातळी बदलायची थांबते, पाणी मात्र येत-जात राहतं. भाच्याला विचारलं, केलं का हे? "मामा, त्याच्यावर प्रश्न येत नाही."

मग रविवारी आम्ही ४८ चिंचोके घेतले. सगळे 'अ' वाटीत. दर फेरीला 'अ'मधले निम्मे 'ब'त टाकायचे आणि त्याच वेळी 'ब'मधले पाव 'अ'त (अर्धा आला तर पूर्ण धरायचा). पहिल्या फेरीनंतर २४-२४. मग १८-३०. मग १७-३१. चौथ्या फेरीला १६-३२, आणि तिथून पुढे हलेना. दर फेरीला आठ जातात, आठ येतात. भाचा म्हणाला, "म्हणजे रिअॅक्शन थांबतच नाही?" नाही ना राजा! मग 'अ'त आणखी १२ टाकले. फेऱ्या खेळता खेळता आकडे २०-४० च्या जवळ सरकले. गुणोत्तर तेच, एकास दोन. ल शातलिएचा नियम तो पाठ म्हणून दाखवत होताच, आता तो का लागू पडतो हे त्याने मला समजावून सांगितलं.

आणि हा खेळ तर आपण लहानपणीच खेळलोय. विषामृत आठवतं? एक गट पोरांना बसवतो, दुसरा उठवतो. थोड्या वेळाने बसलेल्यांची संख्या साधारण तेवढीच राहते, पोरं मात्र सारखी बदलत असतात. समतोल म्हणजे दुसरं काय?

आम्हाला वीस मिनिटं लागली. वर्षभराच्या सराव परीक्षांतून वीस मिनिटं काढली तर पॅटर्न मोडणार नाही. उलट जे पोर शंभर वर्षं मागून पळत सुटलंय, त्याला तर हे आधी मिळायला हवं. परीक्षेत एखादा प्रश्न फिरवून आला तर पाठांतर तिथेच अडकतं. आठ गेले, आठ आले हे ज्याने हाताने मोजलंय, तो वाट काढतो.

तुमच्या घरात किंवा नात्यात अकरावीचं कुणी असेल तर या वीकांताला करून बघा. चिंचोके नसतील तर तुरीचे दाणेही चालतील. लातूरकडच्यांना त्यांची काय कमी!